दादा राहिला तो डोंगर

भीमाशंकरला लोक पुण्य गाठीला बांधायला जातात, शेकरू बघायला जातात, शनिवार-रविवारी फोटो काढायला जातात. मी आणि माझी वहिनी गेलो ते घरातलं एक भांडण मिटवायला.

भांडण असं. माझा थोरला भाऊ, ज्याला मी जन्मभर दादा म्हटलं, तीन वर्षांपूर्वी श्रावणात खांडसच्या वाटेनं डोंगर चढून देवाला गेला आणि परत आला नाही. वाशीच्या घाऊक बाजारात एका गाळ्यावर तो दिवाणजी होता. गाळ्यावरची चार माणसं दरवर्षी एका सोमवारी पायी जायची, त्यांच्याबरोबर हाही. उतरताना धुकं दाटलं, पुढचे पुढे गेले, मागचे मागे राहिले, आणि खाली आल्यावर कळलं की एक माणूस कमी आहे. पोलीस, वनखातं, गिर्यारोहक पोरं, वाड्यांमधली माणसं, सगळ्यांनी डोंगर पालथा घातला. त्याची छत्री सापडली. तो नाही सापडला.

आमचे साताऱ्याकडचे चुलते आता म्हणायला लागले होते की पालाशविधी उरकून घ्या. माणसाचा देह मिळाला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि पुढचं दहावं-तेरावं करतात. वहिनींनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पानं जाळून माणूस मरत नसतो." कामोठ्याच्या घरी दादाचा मोबाइल नंबर अजून चालू आहे, त्या रिचार्ज चुकवत नाहीत. कुंकू आहे, मंगळसूत्र आहे. संक्रांतीला यांना हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, याचं सोसायटीतल्या बायकांना दरवर्षी टेन्शन येतं. वहिनी बोलावण्याची वाट न बघता जाऊन उभ्या राहतात.

शेवटी तोड त्यांनीच काढली. "तो डोंगर मी माझ्या डोळ्यांनी बघते. मग बोला." शोध चालू होता तेव्हा बायकांचं काम नाही म्हणून त्यांना घरी बसवलं होतं आणि नंतर त्या कधी गेल्या नव्हत्या. चुलत्यांनी लगेच मला ऐरोलीला फोन लावला. "तू जा बरोबर. समजाव तिला. तुझं ऐकेल ती." वहिनींनी आजवर माझं एकही ऐकलेलं नाही, साधी साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट किती यावरही नाही. तरी गेले. खरं सांगायचं तर मला माझ्या भावासाठी एकदा मोकळेपणी रडायचं होतं. तीन वर्षं ती सोय नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं की वहिनी विचारायच्या, "काय झालं? कोण गेलं?"

पायथा

कामोठ्याहून खांडसपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. पनवेल सोडलं की मी झोपते, ही माझी जुनी सवय.

गाडीतून उतरले तेव्हा थंडी होती आणि समोर डोंगर उभा होता. आम्हा ऐरोलीकरांना डोंगर म्हणजे गॅलरीतून दिसणारा पारसिक, त्याच्याही कमरेला आता इमारतींचा पट्टा. हा तसा नव्हता. वरची कातळाची भिंत सरळ, खाली जंगल, मध्ये एक सपाट टप्पा. त्या मधल्या टप्प्याला इथले लोक पदर म्हणतात. आमचा मुक्काम त्या पदरातल्या वाडीत, नामदेवच्या घरी होता. नामदेव पन्नाशीचा, सडसडीत. अभयारण्यात येणाऱ्यांना वाट दाखवतो आणि बायको हिराबाई त्यांना जेवू घालते. दादाला शोधायला जी माणसं गेली होती त्यांत तो होता, म्हणून मी त्यालाच फोन करून ठरवलं होतं.

तो आम्हाला न्यायला खाली आला. वहिनींकडे त्यानं एकदा पाहिलं, कपाळाकडे, गळ्याकडे, आणि मग आमच्या पिशव्या उचलून चालायलाच लागला. वहिनी नऊवारी-पाचवारीच्या मधलं काहीतरी नेसल्या होत्या, पायात कॅनव्हासचे बूट. मी मुलीनं दिलेले महागाचे ट्रेकिंगचे बूट घातले होते आणि मनातून जरा मिरवत होते.

तपासणीच्या टपरीशी प्लॅस्टिक बघतात. माझ्या पिशवीतून दशम्यांच्या पिशव्या, फरसाणाची पाकिटं, गोळ्यांच्या पट्ट्या असं निघत गेलं आणि तिथला माणूस प्रत्येक वस्तूकडे दुःखानं बघत गेला. वहिनींच्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकरी, एक स्टीलचा डबा आणि दादाचा स्वेटर. स्वेटरचं कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

चढण

खांडसहून वर जाणारी गणेश घाटाची वाट रुंद आहे. जुनी माल वाहायची वाट. वरचा हिरडा खाली यायचा, खालचं मीठ आणि तांदूळ वर जायचे. कुठे कुठे दगडी पायऱ्या अजून शाबूत आहेत, एके ठिकाणी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. निसर्गवाटेच्या पाट्या लावल्यात, झाडांची नावं, पक्ष्यांची चित्रं. मी पाट्या मोठ्यानं वाचत चालले होते. तिसऱ्या पाटीला वहिनी म्हणाल्या, "वन्सं, आपण काय सहलीला आलोय का?" मग मी मनात वाचायला लागले.

कारवीची वाळकी झुडपं दोन्ही बाजूंना खुळखुळत होती. उंच झाडाच्या शेंड्याजवळ काटक्यांचा मोठा गोळा दिसला. नामदेव म्हणाला, शेकरूचं घरटं. एक शेकरू अनेक घरटी बांधतं आणि त्यातल्या एकातच राहतं. नवी मुंबईत असे पुष्कळ आहेत, मी म्हटलं. नामदेव हसला. वहिनी पुढे निघून गेल्या होत्या.

त्यांचं लक्ष वेगळीकडे होतं. वाटेला फाटा दिसला की त्या थांबायच्या आणि विचारायच्या.

"ही कुठं जाते?"

"पान्याकडं, बाई. पुढं बंद हाय."

"आणि ती खालची?"

"गुरांची वाट. फिरून हितंच येते."

"त्या अंगाला गाव आहे का एखादं? लांबचं?"

"नाय. तिकडं कडाच हाय."

मला हळूहळू उमगलं की त्या काय करताहेत. तीन वर्षं घरात बसून त्यांनी दादाला कुठे कुठे ठेवला होता. डोक्याला मार लागून सगळं विसरला आणि कुठल्यातरी पाड्यावर गुरं राखतोय. कुणा साधूच्या मठीत आहे. वाट चुकून पलीकडच्या जिल्ह्यात उतरला आणि लाजेनं परत येत नाही. मी त्या गोष्टी कधी ना कधी ऐकल्या होत्या आणि 'हो हो' म्हणून सोडून दिल्या होत्या. आता वहिनी एकेक फाटा नामदेवला विचारत होत्या आणि नामदेव एकेक फाटा मिटवत होता. त्याला खोटं बोलता आलं असतं, एखादं गाव सांगता आलं असतं. त्या वेळी मला त्याचा रागच आला.

त्यातच माझ्या महागाच्या बुटाचा तळ सुटला. पाऊल उचलावं तर बूट जांभई देतोय. नामदेवनं गमछ्याची चिंधी फाडून तो बांधला आणि वहिनी कितीतरी वेळानं हसल्या. "मुलीला सांगू नका, नाहीतर दुसरा आणेल," म्हणाल्या. तेवढं एक बरं झालं.

कडा

वाटेपासून जरा आत, झाडं संपतात आणि खडक सुरू होतो, तिथे छत्री सापडली होती. नामदेव आम्हाला त्या जागी नेईना. "काय बघायचं हाय तिथं," असं दोनदा म्हणाला. वहिनी नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यानं नेलं.

त्या दिवशी हवा इतकी स्वच्छ होती की खालची भाताची खाचरं, पांढरा रस्ता, कुणाच्यातरी अंगणात वाळत घातलेलं लाल लुगडंसुद्धा दिसत होतं. पायाखालची दरी मात्र दिसत नव्हती. झाडीच झाडी आणि तिच्या आत अंधार. धुक्यात इथे काय झालं असेल ते सांगायला शहाण्या माणसाची गरज नव्हती. नामदेव म्हणाला, दोर लावून पोरं जमेल तितकी खाली गेली होती, पाऊस थांबत नव्हता, ओढे फुटले होते. "आमी रोज येऊन हाका मारायचो. नाव घेऊन घेऊन."

वहिनींनी पदर खोचला. खडकाच्या कडेपासून हातभर आत त्या उभ्या होत्या, मी मागून त्यांचा दंड धरला होता. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, उखाणा सोडला तर त्यांनी दादाचं नाव कधी तोंडानं घेतलेलं मी ऐकलं नाही. त्यांनी हाक मारली ती त्यांची रोजची हाक, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत मारायची तीच, फक्त सगळा जीव लावून.

"अहो!"

थोड्या वेळानं परत, "अहो, ऐकलं का!"

खालच्या झाडीत वानरं खेकसली आणि गप्प झाली. नामदेवनं तोंड फिरवलं. वहिनी बराच वेळ कान देऊन उभ्या होत्या, कुकरच्या शिटीत बाहेरचं नीट ऐकू येत नाही तेव्हा राहतात तशा. मग म्हणाल्या, "चला," आणि वाटेला लागल्या. पुढच्या फाट्यांना त्या थांबल्या नाहीत.

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं नाही.

पदरातली वाडी

माथ्यावरच्या देवळात जाऊन आम्ही उतरत्या उन्हाला पदरातल्या वाडीत पोचलो. देवळाबद्दल मी लिहीत नाही, ते सगळ्यांनी लिहिलंय. वहिनी बाहेरूनच हात जोडून आल्या आणि देवाशी बोलणं झालं का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "त्याला काय विचारायचं. त्याच्याच दारातून गेले ना."

वाडी दहा-पंधरा घरांची. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. काही घरांना आता पत्रा. अंगणात नाचणीचा पेंढा, परसात वालाचे वेल, दारात उखळ. अशा घराचा नमुना मी एका प्रदर्शनात पाहिला होता, तिथे उखळाभोवती दोरी बांधून 'हात लावू नये' लिहिलं होतं. इथे त्याच्यात कोंबडी बसली होती. हिराबाईनं तिला उठवलं आणि आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं. वहिनींच्याच वयाची बाई, बोलायला मोकळी. वहिनींना बघून नामदेवसारखीच तिचीही नजर कुंकवावर एकदा अडखळली, पण तिनं लगेच हात धरून चुलीजवळ बसवलं.

जेवणाला नाचणीची भाकरी, कोवळ्या वालाची भाजी, लसणाची चटणी आणि भात. भात लालसर, गोडसर. मी तीन भाकरी खाल्ल्या. घरी मी एक पोळी खाते आणि डॉक्टरला अभिमानानं सांगते. वहिनीसुद्धा जेवत होत्या. हिराबाई वाढता वाढता वहिनींना म्हणाली, अगदी साधेपणानं, जसं एखादी शेजारीण सांगेल तसं, "तुमच्या मानसाचं पान आमी दरसाल घालतो, बाई. पित्रांच्या आवसेला."

नामदेव म्हणाला, "हिरा."

"काय हिरा? बाईला ठावं नको?" ती वहिनींकडे वळली. "आमच्यात वाडीच्या डोंगरात कुनी ऱ्हायला तर त्याला उपाशी नाय ठेवत. आपला असू द्या का परका. तुमच्याकडं कुनी घालतंय का नाय, आमाला काय कळनार. म्हनून आमच्या म्हाताऱ्या मानसांची पानं मांडली का एक त्याचं मांडतो."

वहिनींचा हात भातातच थांबला. मग त्या उठल्या. जेवतं ताट सोडून उठलेलं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"जिवंत माणसाचं पान घातलंत तुम्ही? कुणाला विचारून?" त्या म्हणाल्या. "मी त्यांची बायको जिवंत आहे. मी कुंकू लावून बसलेय तिकडे, आणि तुम्ही इथे पितरांत बसवलं त्यांना? कोण तुम्ही?"

हिराबाई घाबरली नाही, रागावलीही नाही. भाताचं भांडं हातात तसंच धरून उभी राहिली. म्हणाली, "कोन नाय, बाई. डोंगर आमचा हाय, तेवढंच."

वहिनी बाहेर जाऊन अंगणात बसल्या. मी मागे जायला उठले तर नामदेवनं हातानंच नको म्हटलं. मला त्या क्षणी दोघींचंही पटत होतं, आणि चुलत्यांनी मला जे समजवायला धाडलं होतं त्यातलं एक अक्षर माझ्या तोंडातून निघत नव्हतं. आमच्या सोसायटीत पितृपक्षात ग्रिलवर घास ठेवायलासुद्धा बंदी आहे, कबुतरं घाण करतात म्हणून. आमचा आजा-पणजा कुठे जेवतो, आम्हाला पत्ता नाही. आणि इथे ही बाई तीन वर्षं माझ्या भावाला, ज्याचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं, नेमानं वाढत होती. अंगणातून वहिनी आत आल्या तेव्हा दादाचा स्वेटर त्यांच्या अंगात होता. भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

सकाळ

उठले तेव्हा वहिनींचं अंथरूण घडी करून ठेवलेलं. त्या चुलीपाशी बसल्या होत्या, हिराबाईच्या समोर. हिराबाई फुंकणीनं जाळ करत होती. मी दाराशीच टेकले. नामदेव उंबऱ्याबाहेर कोयता पाजळत होता.

मग वहिनींनी विचारलं, "कावळा शिवतो का?"

हिराबाईनं फुंकणी खाली ठेवली. "नाय शिवत," म्हणाली. "आमची पानं मांडली का झडप घालून नेतात. त्याच्या पानाला लागत नाय. पैल्या साली ह्यांनी लय येळ हात जोडले. बोलले, तुला शोधत ऱ्हाऊ. नाय शिवला. मंग बोलले, तुझ्या घरच्यांना सांगावा धाडू. नाय शिवला. दुसऱ्या साली बी तसंच, औंदा बी तसंच." तिनं लाकूड आत सारलं. "आमी तरी काय बोलनार, बाई. वळख ना पाळख. मानसाचं मन कशात ऱ्हायलंय ते घरच्यालाच ठावं. मंग गाईला घालतो ते पान."

वहिनी जाळाकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. काल फाट्याफाट्याला विचारणारी बाई त्यात राहिली नव्हती. तीन वर्षांत त्या मला पहिल्यांदा म्हाताऱ्या दिसल्या.

"तसंच पडून राहतं पान?"

"तसंच."

"काय वाढता?"

"जे आमच्यांना तेच. वडं, भात, तांबड्या भोपळ्याची भाजी, खीर..."

"भोपळा ते खात नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आईच्या हातचासुद्धा नाही खाल्ला कधी. गवार घाला, दाण्याचं कूट लावून. वडे चालतील. खीर असू दे." मग त्यांनी विचारलं, "आणि चहा?"

"चाय कुठं ठेवतात पित्रांना?"

"मग कसा शिवेल कावळा?" वहिनींचा आवाज आता अगदी घरातला होता, बाजारातून काय आणायचं ते सांगतानाचा. "आधी चहा लागतो त्यांना. चहा झाल्याशिवाय अन्नाकडे बघत नाहीत. पानाशेजारी कप ठेवा, गरम. मग बाकीचं."

कोयत्याचा आवाज थांबला होता. हिराबाईनं मान हलवली.

दादाला मधुमेह होता. वहिनींनी साखरेचा डबा वरच्या फळीवर पिठाच्या डब्यांमागे लपवला होता, आणि तरी गाळ्यावर हा गोड चहा पितो म्हणून दोघांची रोज संध्याकाळी जुंपायची. मी कामोठ्याला गेले की तो मला डोळ्यांनी खुणावायचा, दे ना चिमूटभर. मी नाही द्यायचे. वहिनींची सक्त ताकीद होती.

मी सवयीनं बोलून गेले. "बिनसाखरेचा सांगा, वहिनी. दादाला साखर बंद आहे ना."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, पण त्या रडत नव्हत्या, ते मीच करायला लागले होते.

"आता कसली बंद, वन्सं," त्या म्हणाल्या, आणि हिराबाईकडे वळल्या. "दोन चमचे घाला. चांगले भरून."